ऑफ-सीझनच्या तीन राजधान्या आणि माझं एक चुकलेलं उत्तर

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं आठ दिवसांसाठी व्हिएन्ना, ब्रातिस्लावा आणि बुडापेस्टला जायचं म्हणतोय. हे सांगितल्यावर कराडातल्या निम्म्या लोकांनी विचारलं, "सर, एवढ्या थंडीत?" उरलेल्यांनी विचारलं, "ब्राति... काय म्हणालात?"

थंडीचं उत्तर सोपं आहे. निवृत्त शिक्षकाची पेन्शन आणि मे महिन्यातलं युरोप यांचं जमत नाही. नाताळ-नवीन वर्षाची गर्दी ओसरली की तिथे विमानाचे आणि हॉटेलचे दर उतरतात, राजवाड्यांपुढच्या रांगा आखडतात. बदल्यात पारा शून्याच्या आसपास आणि दिवस लहान. साडेसातला उजाडतं, पावणेपाचला मावळतं. म्हणून बेत असा केलाय की उजेडाचे तास बाहेर भटकायला आणि अंधार पडला की वस्तुसंग्रहालय, कॉफी हाउस किंवा सरळ खोली. आमच्या हिची एकच अट होती, "गरम पाण्याचं कुंड असेल तर येते." बुडापेस्टात उघड्यावरच्या गरम पाण्यात बसून डोक्यावर बर्फ झेलता येतो हे दाखवल्यावर ती अटही मिटली.

खरी गंमत कागदपत्रांत आहे, आणि त्यासाठीच ही पोस्ट लिहितोय. लांब आहे, सवडीने वाचा.

व्हिसाचं विचारायला एका एजंटाकडे गेलो होतो. तो म्हणाला, "तीन देश म्हणजे तीन व्हिसा, सर. खर्च वाढेल." मी घरी येऊन नियम वाचले. तसं काही नाही. ऑस्ट्रिया, स्लोवाकिया, हंगेरी हे तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात आहेत. एकच अर्ज, एकच फी, एकच व्हिसा. जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखा असेल तर ज्या देशातून आत शिरणार, त्याच्याकडे. आमचा बेत व्हिएन्ना तीन रात्री, ब्रातिस्लावा एक, बुडापेस्ट तीन. म्हणजे बरोबरी. मग पहिलं पाऊल व्हिएन्नात, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. किमान ३० हजार युरोचा प्रवासविमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निघायच्या १५ दिवस आधी तरी द्यावाच लागतो. जाताना व्हिएन्नात उतरायचं आणि परतीचं विमान बुडापेस्टातून धरायचं, म्हणजे उलटा हेलपाटा वाचतो.

सगळं वहीत लिहून काढलं. व्हिएन्ना ते ब्रातिस्लावा रेल्वेने साधारण एक तास. तिथून बुडापेस्ट अडीच तासांच्या आत-बाहेर. वाटेत दोन आंतरराष्ट्रीय सीमा. त्या दोन सीमांपुढे मी "काही नाही" असं लिहिलं आणि पेन थांबलं.

कारण या दोन सीमा मी ३१ वर्षं फळ्यावर काढल्या आहेत.

दुसरं महायुद्ध संपलं की शीतयुद्धाचा धडा यायचा. मी युरोपचा नकाशा काढायचो, मधून खडूची जाड रेघ मारायचो आणि म्हणायचो, हा लोखंडी पडदा. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "सर, पडदा खरंच लोखंडाचा होता?" वर्ग हसला. मीही हसलो. म्हणालो, "अरे, तो नुसता शब्द आहे. चर्चिलच्या भाषणातला." मुलगा खाली बसला.

ते उत्तर चुकलं होतं. किती चुकलं होतं, ते या सहलीची तयारी करताना कळलं.

आधी रेघ नव्हती तेव्हाचं सांगतो. ५ फेब्रुवारी १९१४ ला व्हिएन्ना ते प्रेसबुर्ग अशी विजेवरची गाडी सुरू झाली. प्रेसबुर्ग म्हणजे आजचं ब्रातिस्लावा. दोन्ही शहरांच्या आत ती ट्रामसारखी रस्त्यावरून धावायची. अंतर सुमारे ६० किलोमीटर. आपल्याकडे साताऱ्याहून कराडला यावं, तेवढंच. सकाळी निघावं, संध्याकाळी परत. ऑस्ट्रिया-हंगेरी हे एकच साम्राज्य होतं, कुणी कागद विचारत नव्हतं.

पासपोर्ट नावाची वस्तू तेव्हा रोजच्या आयुष्यात नव्हतीच म्हणा ना. व्हिएन्नाचा लेखक श्टेफान झ्वाइग याने आपल्या आठवणींत नमूद केलंय की १९१४ पूर्वी तो भारतात आणि अमेरिकेत पासपोर्टशिवाय जाऊन आला. तेव्हाचं जग फार न्यायाचं होतं असं मी म्हणत नाही. आपण तेव्हा गुलामीत होतो. पण सीमेवर माणसाची झडती घेणं ही सनातन रीत नाही, एवढं यातून कळतं. ती पहिल्या महायुद्धाने पक्की केली. आपल्याकडचा पहिला पासपोर्ट कायदासुद्धा १९२० चा, महायुद्धानंतरचाच.

महायुद्धाने साम्राज्य मोडलं. प्रेसबुर्ग नव्या चेकोस्लोवाकियात गेलं आणि १९१९ मध्ये त्याचं नाव ब्रातिस्लावा झालं. ट्रामच्या वाटेवर सीमा आली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती गाडी थांबलीच.

आणि मग माझी ती खडूची रेघ.

१९४६ च्या मार्चमध्ये चर्चिलने अमेरिकेत फुल्टनला भाषण केलं. पडद्याआड गेलेल्या राजधान्यांच्या त्याच्या यादीत बुडापेस्ट होतंच, पण व्हिएन्नाही होतं. ही गोष्ट मी कधी शिकवली नव्हती. व्हिएन्ना तेव्हा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया अशा चौघांच्या ताब्यात होतं. १९५५ च्या तहाने ऑस्ट्रिया मोकळा झाला, तटस्थ राहिला, सोव्हिएत फौजा परत गेल्या. म्हणजे रेघ व्हिएन्नाच्या पश्चिमेला न पडता पूर्वेला पडली. ६० किलोमीटरवरचं ब्रातिस्लावा पलीकडे राहिलं.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. चेकोस्लोवाकियाने सीमेवर काटेरी तारांच्या रांगा उभ्या केल्या. १९५० च्या दशकात त्यातल्या तारेतून उच्च दाबाची वीज सोडली होती. माणूस शिवला तर मेलाच. शिवाय टेहळणीचे मनोरे, कुत्री, नांगरून गुळगुळीत ठेवलेली जमीन, पावलं उमटावीत म्हणून. ब्रातिस्लावाजवळ देवीन नावाचा किल्ला आहे, मोरावा आणि डॅन्यूब नद्यांच्या संगमावर. पलीकडचा काठ ऑस्ट्रियाचा. किल्ल्याखाली आज एक स्मारक आहे. चेकोस्लोवाकियाची सीमा ओलांडताना मेलेल्या चारशेच्या आसपास माणसांचं. आपण कृष्णा-कोयनेच्या संगमावर संध्याकाळी फिरायला जातो. समोरचा काठ दिसतो, पण तिकडे गेलात तर गोळी, अशी कल्पना करून बघा.

तेव्हा, पडदा लोखंडाचा होता. तारेचा होता आणि तारेत वीज होती.

हंगेरीची गोष्ट वेगळी आहे. २३ ऑक्टोबर १९५६ ला बुडापेस्टात उठाव झाला. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे शहरात घुसले. त्यानंतरच्या थंडीत सुमारे दोन लाख माणसं देश सोडून निघाली, त्यातली बहुतेक ऑस्ट्रियात. अंडाऊ या गावाजवळ एका कालव्यावर लाकडी पूल होता, शेतकऱ्यांच्या येण्याजाण्याचा. त्यावरून सुमारे ७० हजार माणसं गेली असं मानतात. २१ नोव्हेंबरला तो पूल उडवून दिला गेला. ऑस्ट्रियातून परक्या फौजा जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. देश स्वतःच सावरत होता. तरी त्यांनी दार लावून घेतलं नाही.

पुढे हंगेरीचं सरकार थोडं सैल झालं. पश्चिमेकडे फिरायला जायला वेगळा निळा पासपोर्ट. तोही साधारण तीन वर्षांतून एकदा, मोजक्या परकीय चलनावर. समाजवादी देशांसाठीचा लाल वेगळा.

हे वाचताना मला आपलंच आठवलं. आपल्याकडेही परदेशी जायचं तर रिझर्व्ह बँकेचा पी फॉर्म भरावा लागायचा. साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेला शिकायला गेलेली पिढी अजून सांगते की विमानात बसताना खिशात आठ डॉलर होते. आज कायद्याने एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. ती योजना २००४ मध्ये २५ हजार डॉलरपासून सुरू झाली. तेवढे पैसे आपल्याकडे आहेत का, हा प्रश्न वेगळा.

आणि पासपोर्टचं काय? १९६७ पर्यंत आपल्याकडे पासपोर्ट ही सरकारची मर्जी होती. दिला तर दिला. सतवंत सिंग साहनी नावाच्या एका व्यावसायिकाला सरकारने पासपोर्ट परत करायला सांगितलं. तो कोर्टात गेला. १९६७ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की परदेशी जाणं हा कलम २१ खालच्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. त्यानंतर त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा आला. पुढे १९७८ मध्ये मेनका गांधी खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. स्वातंत्र्य हिरावणारी पद्धत न्याय्य आणि वाजवीच असली पाहिजे, असं म्हणालं. आपण पासपोर्टच्या रांगेत उभे राहून कुरकुरतो, मीही कुरकुरलो. पण त्या रांगेत हक्काने उभं राहता येतं ते एका न्यायाधीशाचं मत इकडे पडलं म्हणून.

परत हंगेरीत. १ जानेवारी १९८८ पासून तिथल्या सरकारने सगळ्या जगात चालणारा पासपोर्ट द्यायला सुरुवात केली. आता ओळखा, मोकळे झालेले हंगेरियन लोक पहिल्यांदा कुठे गेले? ऑपेराला नाही, राजवाड्यातही नाही. ते व्हिएन्नाच्या मारियाहिल्फर रस्त्यावर गेले आणि त्यांनी डीप फ्रीझर विकत घेतले. सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रीघ, टपावर दोरीने बांधलेला फ्रीझर, आणि रात्री परत घरी. आपल्याकडे दुबईहून येणाऱ्यांच्या हातात टू-इन-वन असायचा, तो काळ आठवा. स्वातंत्र्य म्हटलं की आपल्याला मोठमोठे शब्द सुचतात. माणसाला आधी फ्रीझर सुचतो, आणि त्यात लाजायचं काही नाही.

ज्या देशाचे लोक दुपारी पश्चिमेत जाऊन रात्री परत येतात, त्याला सीमेवर तारेचं कुंपण कशाला हवं? शिवाय ते कुंपण गंजलं होतं आणि दुरुस्तीला पैसा लागत होता. पंतप्रधान मिक्लोश नेमेत यांनी तो खर्चच थांबवला. २ मे १९८९ ला हंगेरीने कुंपण काढायला सुरुवात केली. २७ जूनला हंगेरी आणि ऑस्ट्रियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी कॅमेऱ्यांपुढे तार कापली. १९ ऑगस्टला शोप्रोन गावाजवळ सीमेवर सहल ठरली होती. हो, सहलच, खाणंपिणं आणि बँड. तिथलं दार थोडा वेळ उघडणार होतं, तर सहाशेवर पूर्व जर्मन माणसं त्यातून पलीकडे पळाली. सीमेवरच्या पहारेकऱ्यांनी गोळी झाडली नाही. तीन महिन्यांत बर्लिनची भिंत पडली.

ब्रातिस्लावाचा नंबर त्या डिसेंबरात लागला. १० डिसेंबर १९८९ ला हजारो लोक ब्रातिस्लावाहून चालत ऑस्ट्रियातल्या हाइनबुर्ग गावापर्यंत गेले आणि परत आले. थंडीत, पोराबाळांसह. काही विकत घ्यायला नाही. नुसतं पलीकडे जाऊन यायला.

तार निघाली तरी पासपोर्ट तपासणारा शिपाई होताच. तो कसा गेला, हेही ऐकण्यासारखं आहे. फेब्रुवारी १९८४ मध्ये इटलीच्या सीमेवर कस्टमवाल्यांनी काम अडवलं. आल्प्सच्या थंडीत ट्रक अडकले. वैतागलेल्या ट्रकवाल्यांनी फ्रान्सचे रस्ते बंद केले. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने आपसातली तपासणी सैल करायचा करार केला. १४ जून १९८५ ला बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग त्यात आले. मोझेल नदीत नांगरलेल्या एका बोटीवर सह्या झाल्या, लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या छोट्या गावापाशी. तेव्हा त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. प्रत्यक्ष अंमल १९९५ मध्ये आला. २१ डिसेंबर २००७ च्या मध्यरात्री हंगेरी, स्लोवाकिया आणि आणखी सात देश आत आले. आज २९ देश आहेत.

तारखा परत बघा. अंडाऊचा पूल नोव्हेंबरात, हाइनबुर्गची पदयात्रा डिसेंबरात, ट्रकवाले फेब्रुवारीत, शेंगेनची मध्यरात्र डिसेंबरात. लोक मला म्हणतात ऑफ-सीझनला तिथे बघायला काही नसतं. या सीमांचा इतिहास बऱ्यापैकी ऑफ-सीझनलाच घडलाय.

आता कुणी म्हणेल, सर फारच भारावलेत. तसं नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा ऑस्ट्रियाने हंगेरीकडच्या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली. तात्पुरती म्हणाले, आणि सहा-सहा महिन्यांनी वाढवत राहिले. ज्या हंगेरीने १९८९ मध्ये तार कापली, त्याच हंगेरीने २०१५ मध्ये सर्बियाच्या सीमेवर नवं कुंपण घातलं. त्यांची कारणं त्यांच्यापाशी असतील. पण उघडलेलं दार आपोआप उघडं राहत नाही, हे दोन्ही बाजूंच्या लोकांनी मान्य करायला हरकत नसावी. माझ्या वहीत त्या सीमांपुढे लिहिलेलं "काही नाही" मी खोडलं आणि लिहिलं, "पासपोर्ट हाताशी ठेवणे."

दुसरी बाजूही आहे. ब्रातिस्लावातली बरीच माणसं आता सीमेपलीकडच्या ऑस्ट्रियन खेड्यांत घर घेऊन राहतात आणि रोज कामाला शहरात येतात. जिथे गोळी लागायची, तिथून लोक डबा घेऊन नोकरीला जातात.

इथे मला अमृतसर आणि लाहोर आठवल्याशिवाय राहत नाही. अंतर ५० किलोमीटरच्या आसपास, व्हिएन्ना-ब्रातिस्लावापेक्षाही कमी. १९४७ पूर्वी तिथेही लोक सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला आणि अटारीची ये-जाही बंद झाली. तुलना सरळ नाही हे मला कळतं. तिकडे फाळणीचं रक्त आहे, युद्धं आहेत, आणि आपल्याकडच्या किती घरांतली माणसं त्या सीमेवर उभी आहेत हे सातारा जिल्ह्याला सांगायला नको. सीमा उद्या उघडा असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो की १९५६ मध्ये त्या कालव्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला कुणी सांगितलं असतं, तुझी नातवंडं इथून न थांबता जातील, तर त्याने वेड्यात काढलं असतं. इतिहासाच्या मास्तरने "कधीच नाही" हा शब्द जपून वापरावा.

तर बेत असा आहे. व्हिएन्नाला एक संध्याकाळ मारियाहिल्फर रस्त्यावर, फ्रीझर न घेता. ब्रातिस्लावाला देवीनचा किल्ला, कितीही थंडी असली तरी. बुडापेस्टला हिचं गरम पाणी. पहिल्या दोन ठिकाणी युरो, तिसऱ्या ठिकाणी फोरिंट. आणि जमलं तर अर्धा दिवस काढून वोल्फस्टालला जायचं. १९१४ ची ती गाडी ज्या मार्गाने धावायची, त्यावर आज व्हिएन्नाची लोकल चालते आणि सीमेच्या अलीकडे या गावात संपते. पुढचे रूळ परत जोडलेच नाहीत. सीमा गेली तरी काही गोष्टी तुटलेल्याच राहतात, ते डोळ्यांनी बघायचंय.

व्हिसा अजून हातात नाही. मिळाला तर जाऊ, नाही मिळाला तर वही आहेच.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आता ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे, अधूनमधून माझ्या पोस्ट वाचतो. त्याच्यासाठी उत्तर पुन्हा लिहितो. होय बाळा, पडदा लोखंडाचा होता. तू बरोबर विचारलं होतंस. वर्गासमोर हसलो, त्याबद्दल सरांना माफ कर. आणि तो पडदा हलायला ज्यांचा हातभार लागला, त्यात ट्रकवालेही होते, हे तुला आवडेल.

कुणी हिवाळ्यात तिकडे जाऊन आलं असेल तर बुटांचं तेवढं सांगा. बाकी इतिहास माझ्याकडे आहे.